विमानाएवढा विराम

तुम्ही शेवटचं भाषण कधी ऐकलंत? सभेला हजर होतात, खुर्ची अडवून बसला होतात आणि माईकवर कोणीतरी काहीतरी म्हणत असताना मोबाइलवर भाच्याच्या लग्नाचे फोटो बघत होतात, तो प्रसंग धरू नका. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलेलं भाषण विचारते आहे मी. आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, निम्मा दोष बोलणाऱ्याचा असतो. पण हाच प्रश्न जयपुरात आमच्या मराठी मंडळातल्या कोणालाही विचारा, तो गेल्या कार्यक्रमातलं भाषण तुम्हाला जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवेल. कारण या शहरात आज जो जो मराठी माणूस चारचौघांत उभा राहून धड बोलतो, त्याला बोलायला एकाच बाईंनी शिकवलं आहे. आणि त्या बाईंनी सारी नोकरी माणसांना झोपवण्यात घालवली. त्या भूलतज्ज्ञ आहेत.

त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, म्हणून माझ्या काकू. मूळच्या अमरावतीच्या. काका विमा कंपनीत होते, त्यांची बदली जयपूरला झाली, काकूंना इथल्या एका मोठ्या रुग्णालयात काम मिळालं, आणि काकांच्या पुढच्या बदलीची वेळ आली तेव्हा काकूंनी जायला साफ नकार दिला. 'माझ्या हातून अर्धं जयपूर झोपून उठलं आहे, आता हे शहर सोडून कुठं जाऊ?' असं म्हणाल्या म्हणे. जयपुरात इतकी वर्षं काढूनही त्यांच्या मराठीतली अमरावती तसूभर हललेली नाही. आमच्यासारखी इथं वाढलेली पोरं 'मतलब' म्हटल्याशिवाय मराठी वाक्य पुरं करत नाहीत. काकू मात्र आमचा प्रत्येक 'मतलब' चिमटीत पकडून बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "हं, आता बोल. काय सांगून राहिली होती?"

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, तीर्थयात्रा करतात, नातवंडांना बिघडवतात. काकूंनी मालवीय नगरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर रविवारी सकाळी भाषण शिकवायचा वर्ग काढला. यामागची त्यांची उपपत्ती त्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात. ऑपरेशनच्या टेबलावर आडवा पडलेला माणूस हा जगातला सर्वांत घाबरलेला श्रोता. त्याच्याशी बोलायला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे की आता काय होणार आहे, आणि पटलं पाहिजे की ही बाई आपल्याला सोडून जाणार नाही. "तिथं अलंकार घेऊन काय करता बाप्पा? एक गोष्ट सांगायची, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगायची, आणि मग थांबायचं. त्याला काही विचारायचं असलं तर विचारू द्यायचं. ज्याला हे जमलं, त्याला लाल किल्ल्यावरून बोलता येते."

पहिल्या दिवशी वर्गात कोणालाही बोलू देत नाहीत. सतरंजीवर उताणं झोपायचं, पोटावर स्टीलची वाटी ठेवायची आणि श्वासाबरोबर ती वर-खाली जाते का ते बघायचं. वाटीऐवजी छाती हलली तर नापास. बढतीच्या मुलाखतीची तयारी करायला बँकेतले एक साहेब आले होते, सफारी सूट घालून, हातात फाइल. काकूंनी फाइल काढून घेतली आणि त्यांना सतरंजी दाखवली. साहेबांचं पोट असं काही गोल होतं की वाटी दर श्वासाला घसरून गच्चीभर खणखणत जायची. शेवटी काका, जे आठवड्यातून एखादं वाक्य बोलतात, त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर करून शांतपणे विचारलं, "पातेलं आणू का?" साहेब इतके हसले की श्वास आपोआप पोटातून यायला लागला. काकू म्हणाल्या, "हाच! हाच श्वास घेऊन मुलाखतीला जा." साहेबांना बढती मिळाली. पुढच्या रविवारी ते पेढे घेऊन आले आणि आल्या आल्या स्वतःहून सतरंजीवर आडवे झाले.

दुसरी परीक्षा भाजीवाल्याची. आमच्या गल्लीत सकाळी हातगाडी येते. गच्चीवरून त्या भाजीवाल्याला थांबवायचं, पण ओरडायचं नाही. नुसतं 'ओ भैया' म्हणून किंचाळलं तर तो वर बघायचासुद्धा नाही, कारण काकूंनी त्यालाही सामील करून घेतलं होतं. कोणाला आणि कशासाठी हाक मारतो आहोत ते आवाजातून त्याला कळलं तरच त्याने थांबायचं, असा करार. हा माणूस परीक्षक म्हणून भलताच कडक निघाला. मंडळाच्या अध्यक्षांना त्याने तीनदा नापास केलं. अध्यक्ष चिडून म्हणाले, "अहो, तो बहिरा आहे!" तेवढ्यात एका शाळकरी मुलीने कठड्याला टेकून मोकळ्या, भरलेल्या आवाजात म्हटलं, "भैयाजी, रुकिए, पालक लेना है," आणि गाडी जागच्या जागी थांबली. खालून आवाज आला, "आंटीजी, ये वाली पास है! पहले वाले अंकलजी को बोलो, लड़ाई मत करो, सब्ज़ी माँगो." पास झालेल्याने भाजी घ्यायचीच, असा नियम असल्यामुळे त्या हिवाळ्यात आमच्या इमारतीत पालकाचा महापूर आला होता.

एक गोष्ट इथे जोरात सांगून टाकते. बाजारात 'व्यक्तिमत्त्व घडवा' म्हणून जे वर्ग चालतात, त्यांत टाय कसा बांधावा आणि हात किती हलवावेत हे शिकवतात. माणसाकडे सांगण्यासारखं काही आहे का, हे कोणी विचारतच नाही. काकू पहिल्यांदा तेच विचारतात. गोपालपुऱ्याच्या एका वसतिगृहात राहून मेडिकलच्या परीक्षेचा अभ्यास करणारी लातूरची एक मुलगी वर्गाला यायची. तिला भाषणबिषण करायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर पहाटे पाणी येत नाही, एवढंच तिला वसतिगृहाच्या बाईंना सांगायचं होतं, आणि महिनाभर ते सांगता येत नव्हतं. समोर उभी राहिली की ती आधी माफी मागायची, मग बाईंची तब्येत विचारायची, आणि पाण्यापर्यंत पोचायच्या आत तिचं तोंड कोरडं पडायचं. काकूंनी तिचं मनगट हातात घेतलं. नाडी धरून बोलायला लावणं ही त्यांची जुनी सवय. नाडी धावायला लागली की त्या म्हणायच्या, "थांब. श्वास घे. आता पुन्हा पहिल्यापासून, माफी सोडून." शेवटी उरलं ते एवढंच: "मैडम, तीसरी मंज़िल पर सुबह पानी नहीं आता. हमें चाहिए." दोन दिवसांत पाणी आलं. त्या मुलीने पहाटे काकूंना फोन लावला आणि मोबाइल नळाखाली धरला. काकूंनी झोपेतून उठून, "हो गं, हो, येते ऐकू, छान येते," असं म्हटलं. मला वाटतं या देशात असे जितके नळ सुटतील तितकी लोकशाही पुढे जाईल.

पण काकूंच्या वर्गाची खरी ओळख म्हणजे विराम. त्याला कारण आमचं आकाश. सांगानेरचा विमानतळ आमच्यापासून फार लांब नाही आणि विमानं गच्चीवरून अशी जातात की वाळत घातलेले पापड थरथरतात. वर्ग सुरू झाला तेव्हा विमान आलं की लोक जास्त जोरात ओरडायचे. काकूंनी ते बंद केलं. "विमानाशी भांडायचं नाही. ते तुमच्यापेक्षा मोठं आहे. थांबायचं, समोरच्याकडे पाहत राहायचं, आणि ते गेलं की जिथं सोडलं तिथूनच धरायचं." गंमत म्हणजे विमान जाईपर्यंत श्रोता आतुर झालेला असायचा. पुढचं वाक्य त्याला हवं असायचं. काकूंच्या ते लक्षात आलं आणि मग त्या विमान नसतानाही मधेच बोट वर करून म्हणायच्या, "आलं विमान!" बोलणाऱ्याने मुकाट थांबायचं. अशा रीतीने जयपुरातल्या दोन पिढ्यांच्या मराठी माणसांचा विराम विमानाएवढा लांब झाला आहे. मंडळात कोणी बोलता बोलता थांबलं तर आम्ही टाळ्या वाजवत नाही, खोकत नाही, हातातला चहासुद्धा तसाच धरून ठेवतो. वक्ता हात जोडेपर्यंत भाषण संपलेलं नाही, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी आमच्या सचिवांच्या विरामात मोठ्या उत्साहाने टाळ्या वाजवल्या. अख्ख्या सभागृहाने त्यांच्याकडे असं वळून पाहिलं की बिचाऱ्यांनी पुढे स्वतःचं भाषण दोन वाक्यांत आटोपलं.

काकू सभेला कधीही पुढे बसत नाहीत. आग्रह केला, खुर्चीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी लावली, तरी त्या सरळ शेवटच्या रांगेत जातात. "पुढच्या रांगेतल्याला कोणाचंही ऐकू येते. तो पाहुणा. खरी सभा मागं बसते." आणि तिथून ऐकू आलं नाही की त्या हात वर करतात. बोलत काही नाहीत, नुसता हात. पांढऱ्या बांगडीचा तो सडपातळ हात वर गेला की व्यासपीठावरचा माणूस, मग तो कितीही मोठा असो, पोटातून श्वास घेतो आणि आवाज भरतो. लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींना त्यांनी हात दाखवला आहे. शोकसभेत दाखवला आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांना दाखवला, तेव्हा पाहुण्यांना वाटलं बाईंना प्रश्न विचारायचा आहे. त्यांनी मोठ्या कौतुकाने, "हाँ जी, पूछिए," म्हटलं, आणि काकू मान हलवून हात तसाच वर धरून बसल्या. गेल्या काही वर्षांत तर हात फारच वेळा वर जायला लागला. आम्ही म्हणायचो, काकू आता जास्तच कडक झाल्या. आम्ही आणखी मोकळं, आणखी भरून बोलायला लागलो.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. या काकूंनी स्वतः कधी भाषण केलं नव्हतं. एकदाही नाही. मंडळाने त्यांचा सत्कार केला, शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला, तर त्यांनी तो माईक नीट तपासून बघितला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी तो खाली ठेवला. सत्कार संपला. मी नंतर चिडून विचारलं, "काकू, तुम्ही आम्हाला सगळ्यांना उभं करता आणि स्वतः बसता, हा अन्याय आहे." तेव्हा म्हणाल्या, "समोर एक माणूस असला तर मी बोलते गं. दोन झाले की मला कळत नाही, नाडी कोणाची धरू."

माझी गोष्ट यांच्या अगदी उलट होती. माझे बाबा बँकेत अधिकारी आणि संघटनेचे कार्यकर्ते. आमच्या घरात रद्दीपेक्षा पत्रकं जास्त. अक्षरओळखीच्या पुस्तकाआधी माझ्या हाती संघटनेचं पत्रक आलं आणि मी वाचलेला पहिला मराठी शब्द 'निषेध' होता. भोपळ्याची भाजी नको म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेलं पत्रक आईने अजून जपून ठेवलं आहे. त्यामुळे माझी ठाम समजूत होती, आणि बरीचशी अजूनही आहे, की अन्याय दिसला की लिहावं, छापावं, वाटावं. सांगानेरला कापडावर ठसे उमटवणाऱ्या बायकांची बस बंद झाली तेव्हाही मी हेच केलं.

आमच्या भागातल्या बऱ्याच बायका सांगानेरच्या छपाईच्या कारखान्यांत कामाला जातात. दिवसभर लाकडी ठसा रंगात बुडवायचा आणि कापडावर ठोकायचा. संध्याकाळी परतायला एक बस होती, ती एके दिवशी बंद झाली. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. आमच्या इमारतीमागच्या वस्तीत राहणाऱ्या विमलाजी मला म्हणाल्या, "घर वाले बोलते हैं, अँधेरे में पैदल आना है तो काम छोड़ दो. मैं छोड़ना नहीं चाहती." त्यांची बोटं निळीने निळी असतात, कितीही धुतली तरी. ती बोटं पदरात लपवत त्या म्हणाल्या, "आप लिखती हो ना, आप ही हमारी तरफ़ से बोल दो." पुढच्या आठवड्यात जनसुनवाई होती, म्हणजे सरकारी साहेब वॉर्डातल्या सामुदायिक भवनात येऊन बसतात आणि लोक एकेक करून तक्रार सांगतात. मी माझं पत्रक घेऊन काकूंकडे गेले. दोन्ही बाजूंनी छापलेलं, बारीक टाइपात, नऊ मागण्या.

काकूंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. मग म्हणाल्या, "नऊ? एका वेळी माणसाचे नऊ अवयव काढते का कोणी?"

"पण काकू, सगळ्याच मागण्या न्याय्य आहेत!"

"असतील न. पण टेबलावर कोण आहे?"

"साहेब."

"साहेब काहून? साहेब तर सर्जन. टेबलावर विमलाबाई आहे. तिला उद्या कामावर जायचं आहे का नाही, एवढंच ठरायचं आहे. तिचं काय ते सांग."

तो आठवडा मी गच्चीवर काढला. माझ्या नऊ मागण्या एकेक करून गळाल्या आणि प्रत्येक गळताना मी भांडले. काकूंनी मनगट सोडलं नाही. 'शोषण' हा शब्द मी काढायला तयार नव्हते, तर म्हणाल्या, "ठेव. घरी ठेव, नंतर लागेल." शेवटी चार वाक्यं राहिली. तिसरं वाक्य एक प्रश्न होता, आणि त्यानंतर विराम. काकूंनी तो विराम माझ्याकडून खऱ्या विमानांवर घासूनपुसून घेतला.

जनसुनवाईला गर्दी होती. साहेब समोर टेबलामागे, आम्ही त्यांच्याकडे तोंड करून रांगेत, मागे खुर्च्यांवर लोक. विमलाजी माझ्या बाजूला, पदर घट्ट धरून. काकू अर्थातच शेवटच्या रांगेत, दाराशी, पंख्याच्या घरघरीखाली. माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले, पोटात श्वास घेतला आणि बोलले. विमलाजी कोण, काय काम करतात, बस कधी बंद झाली. आवाज ठीक लागला होता. मग मी प्रश्न विचारला: "साहब, शाम ढलने के बाद ये घर कैसे आएँ?" आणि थांबले. शिकवल्याप्रमाणे साहेबांच्या डोळ्यांत बघत, श्वास भरून, विमानाएवढा वेळ.

साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बहुत अच्छा बोलीं आप. धन्यवाद. अगला नाम?"

भाषण संपलं! माझी मागणी सांगायची राहिली होती, आणि जगाच्या दृष्टीने माझं भाषण संपलं होतं. मंडळाबाहेरच्या माणसाला आमचा विराम कळत नाही, हे त्या पुण्याच्या पाहुण्यांवरून तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी तोंड उघडलं, पण तोवर पुढच्या माणसाने माईक घेतला होता आणि तो सुरूही झाला होता, "साहब, हमारी गली की नाली..." विमलाजींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. आपलं झालं ते एवढंच, असं स्वतःला समजावणारी नजर होती ती.

तेवढ्यात मागे हात वर गेला.

माईकवाल्याला वाटलं बाईंना ऐकू येत नाही, म्हणून त्याने बटण फिरवलं. माईक असा किंचाळला की नालीवाले भाऊ दचकून गप्प झाले आणि सगळी सभा कानांवर हात ठेवून मागे वळली. काकूंचा हात तसाच वर. मग मी आयुष्यात कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. काकू उठून उभ्या राहिल्या. दोनशे माणसांसमोर. एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि ज्या आवाजात त्यांनी माणसांना झोपवलं असेल त्याच संथ, भरलेल्या आवाजात म्हणाल्या, "साहब, बिटिया की बात बाकी है."

साहेब भले होते. ते हाताने विचारल्यासारखी खूण करत मोठ्याने म्हणाले, "माताजी, आप भी कुछ कहना चाहती हैं?"

"नहीं," काकू म्हणाल्या. "मैं सुनना चाहती हूँ."

आणि उभ्याच राहिल्या. नालीवाल्या भाऊंनी स्वतःहून माईक माझ्यापुढे धरला, "पहले आप, बहनजी, नाली कहाँ भागी जा रही है." मी माईक घेणार तोच बाजूने आवाज आला. विमलाजी. विचारलेला प्रश्न हवेत तसाच होता आणि तो त्यांच्याबद्दल होता. त्या म्हणाल्या, "साहब, मैं बता दूँ कैसे आती हूँ? मोबाइल की बत्ती जलाकर, सड़क के किनारे-किनारे. और पूरे रास्ते छोटी बेटी से फ़ोन पर बात करती हूँ, ताकि उसे डर न लगे. डर मुझे भी लगता है." एवढं बोलून त्या गप्प झाल्या, आणि या वेळी कोणीही धन्यवाद म्हटलं नाही. मग मी माझं चौथं वाक्य बोलले, "साहब, हमें बस शाम की वो एक बस वापस चाहिए," आणि हात जोडले. साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं.

परतताना आम्ही तिघी ऑटोत होतो. मी आनंदाने बडबडत होते. म्हटलं, "काकू, तुम्हाला मागे, त्या पंख्याखालीसुद्धा, माझं प्रत्येक वाक्य ऐकू आलं! मी संपले नाही हे तुम्हालाच कळलं."

काकूंनी वाऱ्याने उडणारा पदर खोचला. मग म्हणाल्या, "तुझं काहीच नाही ऐकू आलं गं. एक शब्द नाही."

"मग?"

"तुझी पाठ दिसत होती न. खांदे वर होते, श्वास आत होता. संपलेला माणूस श्वास सोडतो. तू भरून ठेवला होता." आणि काही विशेष सांगत नसल्यासारखं पुढे म्हणाल्या, "ऐकू तर मला आता गच्चीवरसुद्धा धड येत नाही. कितीक वर्षं झाली."

मला तो पाहुण्यांना दाखवलेला हात आठवला, गुरुजींना दाखवलेला, आणि पहाटेचा तो फोनवरचा नळ. आम्ही समजत होतो आमचं चुकतं आहे, आणि दर हाताला थोडे थोडे चांगले होत गेलो होतो. मी म्हटलं, "काकू, मशीन का नाही लावत कानाला?"

"लावते. पण लावलं की तुम्ही सगळे पुन्हा तोंडातल्या तोंडात सुरू व्हाल." मग विमलाजींची निळी बोटं हातात घेऊन, सवयीने त्यांची नाडी बघत म्हणाल्या, "अच्छा बोलीं आप. डर लगा?"

"लगा था, आंटीजी."

"मुझे भी," काकू म्हणाल्या.

ती बस पुढच्या महिन्यात सुरू झाली. उशिरा येते, कधी कधी फारच उशिरा येते, त्याबद्दल माझं पत्रक तयार आहे. पण येते, आणि तिच्या खिडकीत विमलाजी असतात. काकूंनी शेवटी कानात मशीन घातलं आहे, असं त्या सांगतात. काका सांगतात ते डबीत असतं. रविवारचा वर्ग चालू आहे, हात वर जातोच आहे, फक्त आता तो कशासाठी जातो हे मला ठाऊक असल्यामुळे मी आवाज जरा जास्तच भरते. त्या मात्र मजेत असतात. गच्चीवरून विमान गेलं की बोलणारा थांबतो आणि काकू त्याच्या खांद्यांकडे बघत राहतात. विमान त्यांना बहुधा आता ऐकू येत नसावं. ते गेलेलं त्यांना आमच्या श्वासावरून कळतं.

म्हणून माझी तुम्हाला एक मागणी आहे. नऊ नाहीत, एकच. पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत, कुठल्याही सभेत कोणीतरी बोलता बोलता थांबेल. विशेषतः जो कधी बोलत नाही असा कोणी. तेव्हा टाळ्या वाजवू नका, धन्यवाद म्हणू नका, पुढचं नाव पुकारू देऊ नका. त्याच्या खांद्यांकडे बघा. श्वास अजून आत असेल तर मागच्या रांगेतून हात वर करा, आणि तो बोलेपर्यंत खाली घेऊ नका.